ब्राउझरांची स्पर्धा व वापरणाऱ्याची निवड
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचे प्रयोजन

वरच्या इयत्तांतील मुलांना मोबाइल फोन अपरिचित राहिलेला नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ती बातम्या पाहतात, चित्रे शोधतात, परीक्षेचा निकाल वाचतात. परंतु "हे पान तू कशातून पाहिलेस?" असे विचारले असता बहुतेक मुले "इंटरनेटवर" एवढेच सांगतात किंवा गूगलचे नाव घेतात. पान ही एक वस्तू, ते ज्या संगणकावरून येते ती दुसरी, ते शोधून देणारी सेवा तिसरी आणि ते पडद्यावर मांडून दाखविणारी आज्ञावली चौथी, हा भेद त्यांच्या ध्यानी आलेला नसतो. या चौथ्या वस्तूस ब्राउझर असे म्हणतात. मराठीत तिला काही जण न्याहाळक असेही म्हणतात.

ब्राउझर फुकट मिळतो. असे असूनही गेल्या तीस वर्षांत या वस्तूसाठी मोठमोठ्या कंपन्या एकमेकींशी झगडल्या, न्यायालयांत खटले उभे राहिले आणि कोट्यवधींचे दंड झाले. जी वस्तू कोणी विकत घेत नाही तिच्यासाठी एवढा झगडा का व्हावा, हा प्रश्न आरंभी फळ्यावर लिहावा आणि पाठाच्या शेवटी त्याचे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे.

१. रेडिओचा दृष्टान्त

विषयप्रवेशासाठी रेडिओचे उदाहरण उपयोगी पडेल. आकाशवाणीच्या बातम्या कोणत्याही कंपनीच्या रेडिओवर ऐकू येतात. प्रसारण कसे करावे याचे नियम सर्वांस ठाऊक असतात आणि रेडिओ बनविणारा प्रत्येक कारखाना त्या नियमांस अनुसरून यंत्र बनवितो. त्यामुळे कोणाचा आवाज अधिक स्वच्छ, कोणाची किंमत कमी, एवढ्यावरच कारखान्यांची चढाओढ चालते. रेडिओ बदलला तरी बातम्या बदलत नाहीत.

समजा, उद्या एखाद्या केंद्राने केवळ एकाच कंपनीच्या रेडिओवर ऐकू येईल असे प्रसारण सुरू केले, तर काय होईल? ज्यांच्याजवळ दुसरा रेडिओ आहे त्यांना बातम्या मुकतील. मग तेही हळूहळू तोच रेडिओ आणतील. पुढे सर्वांकडे तोच रेडिओ झाल्यावर त्या कंपनीस आपला माल सुधारण्याची निकड उरणार नाही.

वेबच्या पानांचेही असेच आहे. पान एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा त्यात असतात. ब्राउझर दूरच्या संगणकाकडून ते पान मागवितो, खुणा वाचतो आणि त्यांबरहुकूम पडद्यावर मांडणी करतो. ही मांडणी करणारा जो त्याचा गाभा, त्यास इंजिन म्हणतात. खुणांचा अर्थ सर्वांनी एकच लावावा म्हणून सामाईक मानके ठरविलेली असतात. या कामासाठी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली.

२. पहिली चढाओढ

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडली व १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची मूळ आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली केली. ही तारीख मुलांकडून लिहवून घ्यावी. वेब कोणा एका कंपनीच्या मालकीचे न झाल्यामुळेच पुढची सारी स्पर्धा शक्य झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी मोझॅइक हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या ओळींमध्येच चित्रे दिसू लागल्याने सामान्य लोकही वेबकडे वळले. पुढे अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह नेटस्केप ही कंपनी काढली. तिचा नॅव्हिगेटर १९९४ च्या डिसेंबरात आला आणि थोड्याच अवधीत बहुसंख्य लोकांचा ब्राउझर झाला.

संगणकावरील विंडोज ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. १९९५ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीने इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला. तो फुकट होता, आणि पुढे तो विंडोजबरोबरच संगणकात बसवून मिळू लागला. नेटस्केप आपल्या ब्राउझरसाठी व्यापारी ग्राहकांकडून पैसे घेत असे. संगणक उघडताच ज्याच्यासमोर एक ब्राउझर तयार आहे, तो मंद दूरध्वनी-जोडणीवरून तासन्‌तास दुसरा कशाला उतरवून घेईल? नेटस्केपचा वाटा झपाट्याने घटला. १९९८ च्या जानेवारीत तिने आपला ब्राउझर मोफत केला, मार्चअखेरीस त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली, आणि १९९९ मध्ये ती कंपनी एओएलच्या ताब्यात गेली.

१९९८ च्या मे महिन्यात अमेरिकन शासनाने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. खालच्या न्यायालयाने २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने कार्यप्रणालीतील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी राखल्याचा ठपका कायम ठेवला, परंतु विभाजनाचा आदेश रद्द केला. अखेर प्रकरण तडजोडीने मिटले. तोपर्यंत नेटस्केप मागे पडून गेला होता. न्यायालयाचा निर्णय येईतो बाजार थांबून राहत नाही, ही गोष्ट या प्रसंगातून स्पष्ट होते.

३. एकाच ब्राउझरचे राज्य आणि मराठी वाचक

इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ च्या ऑगस्टमध्ये आली. त्यानंतरची सातवी आवृत्ती २००६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने आली. मधल्या काळात जगातील दर दहांपैकी नऊ जण हाच ब्राउझर वापरीत होते. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, म्हणून घाईही उरली नव्हती. पाने लिहिणारेही मानकांकडे पाहीनासे झाले व या एका ब्राउझरमध्ये पान नीट दिसले की काम झाले असे मानू लागले.

याचा फटका मराठी वाचकांस कसा बसला, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठी सामाईक असलेली संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी मराठीतील अनेक संकेतस्थळे आपापला खास फॉन्ट वापरीत. संगणकाच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरेच साठविलेली असत. फॉन्टमुळे ती देवनागरी दिसत. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. यावर मायक्रोसॉफ्टने पानाबरोबर फॉन्टही पाठविण्याची एक युक्ती काढली होती. परंतु ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. परिणामी, त्या युक्तीवर विसंबलेले मराठी वृत्तपत्र दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्याला मराठी अक्षर दिसतच नसे. अशा वाचकांच्या सोयीसाठी फायरफॉक्स या ब्राउझरला जोडण्याची 'पद्मा' नावाची एक पूरक आज्ञावली तयार झाली होती. ती भारतीय भाषांतील अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखवी.

युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. आज मराठी मजकूर कोणत्याही ब्राउझरमध्ये मराठीच दिसतो, तो शोधता येतो व उतरवूनही घेता येतो. हे फळ सामाईक मानकाचे आहे. रेडिओचा दृष्टान्त येथे पुन्हा आठवून द्यावा.

४. लोक दुसरीकडे वळतात

नेटस्केपने खुल्या केलेल्या संहितेवर मोझिला या नावाने काम चालू राहिले होते. त्यातून ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा प्रसार मुख्यत्वे वापरणाऱ्यांनीच केला. सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकात दोन पानांची जाहिरात दिली व तीत देणगीदारांची नावे छापली.

लोक का वळले, याची कारणे साधी होती. एकाच खिडकीत अनेक पाने टॅबच्या रूपाने उघडता येत, आपोआप उसळणाऱ्या जाहिराती अडविल्या जात आणि इंटरनेट एक्सप्लोररमधील सुरक्षेच्या उणिवांमुळे लोक धास्तावले होते. २००४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा केंद्राने एका दोषावरील उपायांत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही उपाय सांगितला होता. २०१० च्या सुमारास फायरफॉक्सचा जगातील वाटा सुमारे तीन दशांशांपर्यंत पोहोचला. मायक्रोसॉफ्टलाही थांबलेले काम पुन्हा हाती घ्यावे लागले. म्हणजे ज्यांनी ब्राउझर बदललाच नाही त्यांनाही, इतरांनी बदलल्यामुळे, अधिक चांगला ब्राउझर मिळाला. हा मुद्दा पाठाचा गाभा होय. तो मुलांना नीट उमगला की नाही, हे प्रश्न विचारून पाहावे.

५. निवडीचा पडदा

नॉर्वेतील ऑपेरा या कंपनीने २००७ च्या डिसेंबरात युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली. तीवरून झालेल्या कारवाईत मायक्रोसॉफ्टने मान्य केले की, विंडोज वापरणाऱ्या युरोपीय ग्राहकांपुढे अनेक ब्राउझरांची यादी ठेवण्यात येईल व त्यांतून ग्राहक आपला ब्राउझर निवडील. हा पडदा २०१० च्या मार्चपासून दिसू लागला. यादीत जो प्रथम त्याला लाभ होऊ नये म्हणून क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलावा, असे ठरले होते. आरंभी क्रम ठरविण्याच्या रीतीतच दोष राहिला होता. तो उघडकीस आल्यावर दुरुस्त करण्यात आला. पुढे विंडोजच्या एका आवृत्तीत २०११ ते २०१२ या काळात हा पडदा दाखविलाच गेला नाही. त्याबद्दल २०१३ च्या मार्चमध्ये आयोगाने कंपनीस ५६.१ कोटी युरो दंड केला.

६. क्रोमचा उदय आणि आजची स्थिती

गूगलने २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम हा ब्राउझर आणला. तो वेगवान होता. त्यात प्रत्येक टॅबचे काम बहुतांशी वेगळे चालत असल्याने एक पान बिघडले तरी सारा ब्राउझर बंद पडत नसे. गूगलच्या मुखपृष्ठावर त्याची जाहिरात झाली. पुढे अँड्रॉइड फोनांवर तो आधीच बसवून मिळू लागला. २०१२ मध्ये स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले. २०२५ मधील मोजणीत त्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास असून त्याखालोखाल ॲपलचा सफारी आहे. फायरफॉक्सचा वाटा शेकडा दोन-तीनवर आला आहे. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आला.

नावे अनेक दिसली तरी इंजिने थोडी आहेत, हे येथे सांगावे. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हे सर्व एकाच इंजिनावर, ब्लिंकवर, चालतात. सफारीचे वेबकिट व फायरफॉक्सचे गेको ही दोन निराळी इंजिने होत. वेगळ्या वेष्टनांत एकाच गिरणीचे पीठ मिळावे, तशी काहीशी ही स्थिती आहे. पीठ चांगले असले तरी गिरणी एकच असेल तर दळणाची रीत तीच ठरवील.

भारतातही वापरणारे ब्राउझर बदलीत आले आहेत. साधे फोन व महागडी, मंद जोडणी यांच्या काळात ऑपेरा मिनी लोकप्रिय झाला, कारण तो पान आपल्या संगणकावर आटोपशीर करून मग फोनकडे पाठवी. पुढे चिनी कंपनीचा यूसी ब्राउझर काही काळ भारतातील मोबाइलवर आघाडीवर होता. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत तोही होता.

७. फुकट वस्तूची किंमत

आता फळ्यावरील प्रश्नाकडे वळावे. ब्राउझर ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाचकाचा उंबरठा असतो. वरच्या पट्टीत शब्द लिहिला की तो कोणत्या शोधसेवेकडे जावा, हे आधीच ठरविलेले असते. शोधाबरोबर जाहिराती दाखविल्या जातात आणि जाहिरातींतून पैसा मिळतो. अमेरिकेतील खटल्यात पुढे आलेल्या माहितीनुसार, ब्राउझर व फोन यांवर आपली शोधसेवा आधीच नेमलेली असावी म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली. मोझिलाचेही बहुतांश उत्पन्न अशाच करारातून येते. म्हणजे एका स्पर्धकाचा निर्वाह दुसऱ्या स्पर्धकाच्या पैशावर चालतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने शोधसेवेतील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरविली. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकून टाकण्याची शासनाची मागणी त्याने अमान्य केली, परंतु केवळ आपलीच सेवा ठेवावी असे करार करण्यास मनाई केली. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनांसंबंधी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. आपल्या ॲपांचा संपूर्ण संच फोनवर आधीच बसविण्याची अट हा त्यातील एक आक्षेप होता. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले.

एवढा पैसा 'आधीच नेमलेले' या दोन शब्दांसाठी का दिला जातो? कारण बहुतेक माणसे समोर ठेवलेले बदलीत नाहीत. बदलण्यास मनाई नसते. वेळ जाईल, जपून ठेवलेले पत्ते हरवतील, असे वाटत असते. वस्तुतः आजचे ब्राउझर जुन्यातील पत्त्यांच्या खुणा काही मिनिटांत नव्यात आणू शकतात. अडथळा यंत्रात थोडा आणि सवयीत फार असतो.

८. वर्गातील उपक्रम

(अ) वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटातील प्रत्येक मुलापुढे वाचनपेटीतील एकेक पुस्तक ठेवावे व "हे नको असेल तर वर्गाच्या त्या टोकाच्या फळीवरून बदलून आणावे" असे सांगावे. दुसऱ्या गटाने टेबलावर मांडलेल्या पुस्तकांतून स्वतः निवडावे. पहिल्या गटातील किती जणांनी पुस्तक बदलले, याची नोंद फळ्यावर करावी. निकाल काहीही येवो, "न बदलण्याचे कारण काय?" हे प्रत्येकास विचारावे.

(आ) शाळेत संगणक असल्यास एकच मराठी पान दोन निराळ्या ब्राउझरांत उघडून दाखवावे. अक्षरे, मांडणी व लागलेला वेळ यांची तुलना मुलांनी वहीत लिहावी. संगणक नसल्यास शिक्षकांनी आपल्या फोनवर हे करून दाखवावे.

(इ) घरच्या फोनमध्ये कोणता ब्राउझर आहे व तो घरातील कोणी निवडला की फोनबरोबरच आला, हे मुलांनी विचारून यावे.

शिक्षकांसाठी सूचना

शासकीय संकेतस्थळावर माहिती भरताना पान अडल्यास, भरलेली माहितीच चुकली असे लगेच समजू नये. ब्राउझर अद्ययावत आहे का ते पाहावे आणि तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. यास्तव शाळेच्या संगणकावर निराळ्या इंजिनांचे निदान दोन ब्राउझर असावेत. पान एकातच चालत असेल तर तसे संबंधित कार्यालयास कळवावे. कळविल्यावाचून दोष दूर होत नाही. अनेकांच्या हाताखालील संगणकावर कोणत्याही ब्राउझरमध्ये संकेतशब्द साठवून ठेवू नयेत.

अमुक ब्राउझर चांगला व तमुक वाईट, असा निर्णय वर्गात देण्याचे कारण नाही. आज जो पुढे आहे तो उद्या मागे पडेल, हे या इतिहासावरून दिसतेच. आपल्या हाती आलेली वस्तू कोणी निवडली, ती बदलता येते का आणि बदलली तर आपले काही अडेल का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लागली, म्हणजे पाठाचे प्रयोजन सफल झाले असे समजावे.

सरावासाठी प्रश्न

१. ब्राउझर व शोधसेवा यांतील फरक उदाहरणासह सांगा.
२. २००१ ते २००६ या काळात इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सुधारणा का मंदावली?
३. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी पाने काही ब्राउझरांत का दिसत नसत?
४. काही लोकांनी ब्राउझर बदलल्यामुळे न बदलणाऱ्यांनाही लाभ होतो, तो कसा?
५. निवडीच्या पडद्यावर नावांचा क्रम दर वेळी का बदलावा?
६. फुकट मिळणाऱ्या ब्राउझरसाठी कंपन्या का झगडतात?